टीआर-२, व्हूडू लॅब की फ्लिंट? ट्रेमोलो पेडल वर्षभर वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो: घरी एकट्याने वाजवताना जो ट्रेमोलो (गिटारचा आवाज लयीत लहान-मोठा करणारा इफेक्ट) सगळ्यात गोड लागतो, तो बँडमध्ये बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. युट्यूबवरचे डेमो पाहून पेडल, म्हणजे पायाने दाबायचा इफेक्टचा डबा, मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतील. त्या डेमोंमध्ये ना ड्रमर असतो, ना बेस. एक माणूस, एक टेलिकास्टर गिटार आणि भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. त्यात काहीही छानच वाटतं.

माझ्याकडे बॉसचं टीआर-२ आणि सेकंडहँड घेतलेलं व्हूडू लॅब ट्रेमोलो आहे. स्ट्रायमनचं फ्लिंट आमच्या बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याचं, पण तो सध्या सिंथच्या नादाला लागल्यामुळे ते बरेच महिने माझ्या पेडलबोर्डवर मुक्कामाला आहे. शिवाय ऑनलाइन घेतलेलं एक स्वस्तातलं मिनी पेडल होतं, त्याचं नाव घेत नाही. गिटार स्ट्रॅट, घरी लहानसा ट्यूब अ‍ॅम्प आणि जॅमरूममध्ये रोलँडचा जेसी-१२० अ‍ॅम्प.

ट्रेमोलो ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: यात सूर जागचा हलत नाही, फक्त आवाज ठरावीक वेगाने लहान-मोठा होत राहतो. जेसी-१२०वर जो व्हायब्रेटो आहे तो सूरच वर-खाली हलवतो, ते प्रकरण वेगळं. काही हार्मोनियम पेट्यांना पुढे ट्रेमोलोचा खटका असतो. तो ओढला की आतली एक झडप हवेच्या झोतात थरथरते आणि सूर कापायला लागतो. गिटारवाल्यांनी तेच काम आधी यंत्राने केलं आणि मग विजेने. १९४० च्या दशकातल्या डीआर्मंडच्या डब्यात तर मोटर होती. ती वीजवाहक द्रव भरलेली एक छोटी नळी हलवायची, द्रव हिंदकळला की आवाज कमी-जास्त व्हायचा. गिटारवादक बो डिडलीचा तो प्रसिद्ध थरथरता ठेका या डब्यातून आलाय. असला डबा प्रत्यक्ष ऐकायला मिळावा अशी फार इच्छा आहे, पण तो विषय वेगळा.

तुलना करायची माझी पद्धत अशी. लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल, साखळीत सगळ्यात आधी. त्यात ई मायनरची साधी पिकिंग आणि दोन मोकळे कॉर्ड रेकॉर्ड करून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक पेडलला अगदी तेच वाजवणं मिळतं. मग वेग कानाने जुळवायचा, खोली (आवाज किती खाली जातो ती) जुळवायची आणि आळीपाळीने ऐकायचं. नंतर हेच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, मोठा करून पाहिला. वेग आणि खोली सारखी ठेवूनही तिन्ही पेडल वेगळी वाजतात, कारण खरा फरक आवाज खाली कसा जातो आणि परत वर कसा येतो यात आहे. दुकानात आपण नेमके वेग आणि खोलीचे नॉब फिरवत बसतो आणि हा फरक हातून निसटतो.

टीआर-२ घेऊ आधी. मोरपंखी रंगाचा डबा, १९९७ पासून बाजारात, नॉब तीनच: वेव्ह, रेट, डेप्थ. वेव्ह डावीकडे असताना लाट त्रिकोणी असते, आवाज सरळ उतरतो आणि तितकाच सरळ चढतो. उजवीकडे नेत गेलं की ती चौकोनी होते: आवाज आहे, आवाज नाही, आवाज आहे. स्क्रीनवर हे इतकं नीटनेटकं दिसतं की भूमितीची वही वाटावी. कानालाही तसंच लागतं, नेमकं आणि थोडं कोरडं. जुन्या अ‍ॅम्पची ऊब शोधणारे लोक याला नाक मुरडतात. मला हा कोरडेपणा आवडायला लागलाय, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलनंतर वेव्ह तीन वाजण्याच्या जागेवर ठेवून कॉर्ड धरला की जे तुकडे पडतात ते इतर कुठल्याही पेडलवर इतके स्वच्छ पडत नाहीत.

‘टीआर-२ लावलं की आवाज पडतो’ हे जगभरातले गिटारवाले म्हणतात. ट्रेमोलो आवाजाचे खड्डे पाडतो. शिखरं पूर्वीच्याच उंचीवर राहिली तरी सरासरी आवाज खाली येतो आणि कान सरासरीच ऐकतो. खोली जितकी जास्त तितकी ही घसरण जाणवते. या पेडलवर व्हॉल्यूमचा नॉब नाही, त्यामुळे भरपाई बाहेरूनच करावी लागते. मी मागे एक साधा क्लीन बूस्ट (आवाज फक्त मोठा करणारं पेडल) ठेवतो आणि ट्रेमोलोबरोबर तोही दाबतो. पायाला एक काम वाढलं, पण प्रश्न मिटला.

व्हूडू लॅबने हाच प्रश्न चौथा नॉब देऊन सोडवलाय: इंटेन्सिटी, स्लोप, स्पीड आणि व्हॉल्यूम. पण ते घेण्याचं कारण व्हॉल्यूम नव्हे. हे ऑप्टिकल पेडल आहे. आत एक दिवा लुकलुकतो आणि त्याच्यासमोर प्रकाश पडला की रोध बदलणारा फोटोसेल बसवलेला असतो. १९६० च्या दशकातल्या फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब, ट्विन रिव्हर्ब या अ‍ॅम्पमध्ये हीच युक्ती होती, फक्त दिवा निऑनचा. फोटोसेलचा स्वभाव असा की उजेड पडला की तो चटकन बदलतो आणि अंधार झाला की सावकाश पूर्वपदावर येतो. त्या अ‍ॅम्पमध्ये उजेड पडला की सिग्नल ग्राउंडकडे (अर्थकडे) वळतो, म्हणजे आवाज झपकन खाली जातो आणि रेंगाळत वर येतो. लाटेच्या दोन बाजू सारख्या नसतात, चाल किंचित लंगडी होते. आपण जिला जुन्या अ‍ॅम्पची गोडी म्हणतो ती बरीचशी या लंगडेपणात आहे.

व्हूडू लॅबवर स्लोप मध्याच्या अलीकडे ठेवला की ही चाल छान मिळते. संथ गाण्यात, विशेषतः ६/८ च्या लयीत, बोटांनी वाजवलेल्या तारांवर हा ट्रेमोलो इतका नैसर्गिक बसतो की पेडल चालू आहे हे विसरायला होतं. स्लोप पूर्ण नेला तर तोही तुकडे पाडतो, पण त्या तुकड्यांच्या कडा टीआर-२ इतक्या धारदार वाटत नाहीत.

फोटोसेलवरून आठवलं, त्या मिनी पेडलची गंमत. तेही ऑप्टिकल. त्याच्या एका नॉबमध्ये खरखर यायला लागली म्हणून मागचं झाकण उघडलं आणि तसंच अ‍ॅम्पला लावून पाहिलं. ट्रेमोलो जवळपास गायब आणि मागे एक बारीक गुणगुण! आधी वाटलं अर्थिंग गेलं. मग ट्यूबलाइट बंद केली आणि दोन्ही गोष्टी एकदम ठीक. बनवणाऱ्याने फोटोसेलवर आवरणच घातलं नव्हतं. खोलीतला उजेड थेट त्याच्यावर पडत होता आणि आपली जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, ती गुणगुण म्हणून ऐकू येत होती. काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि झाकण लावलं. आवाज म्हणाल तर त्या किमतीला तक्रार नाही, पण लाट खाली येताना प्रत्येक फेरीला ‘टिक’ असा आवाज यायचा. तो शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. ते आता एका शिकाऊ पोराकडे आहे.

या ‘टिक’बद्दल थोडं. ट्रेमोलोच्या आत लाट तयार करणारं सर्किट प्रत्येक फेरीला विजेचा एक हिसका ओढतं. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून पाच-सहा पेडलांना माळेसारखी वीज दिली असेल तर तो हिसका शेजारच्या हाय गेन (सिग्नल खूप वाढवणाऱ्या) पेडलमध्ये शिरतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. म्हणून टिकटिक आली की पेडलला शिव्या घालण्याआधी ते बॅटरीवर किंवा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर लावून पाहा. माझी टिकटिक वेगळ्या आउटलेटवर गेल्यावर निम्मी झाली होती, म्हणजे दोष निम्मा माझ्या वायरिंगचा आणि निम्मा पेडलचा.

आता फ्लिंट. हे २०१२ चं डिजिटल पेडल आहे, अर्ध्यात ट्रेमोलो आणि अर्ध्यात रिव्हर्ब. ट्रेमोलोचे तीन प्रकार आहेत आणि त्यांना वर्षांची नावं दिली आहेत: ६१ हार्मोनिक, ६३ पॉवर ट्यूब, ६५ फोटोसेल. ६५ म्हणजे वर सांगितलेली लंगडी चाल. मी डोळे मिटून ऐकलं तर त्यात आणि व्हूडू लॅबमध्ये दर वेळी फरक सांगू शकेनच असं नाही. ६३ मध्ये अ‍ॅम्पच्या पॉवर ट्यूबचा बायसच (ट्यूबला दिलेलं स्थिर व्होल्टेज) हलवण्याची नक्कल आहे, प्रिन्स्टन रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्पमध्ये असायचा तो प्रकार. हा सगळ्यात मऊ. जोरात वाजवलं की तो मागे सरतो, हळू वाजवलं की पुढे येतो, त्यामुळे उजव्या हाताला उत्तर देतो. घरी रात्री वाजवायला मी हाच लावतो.

पण ज्याच्यासाठी फ्लिंट परत द्यावंसं वाटत नाही तो ६१ चा हार्मोनिक. फेंडरच्या तपकिरी अ‍ॅम्पमध्ये ही करामत होती. सिग्नलचे खालचा आणि वरचा असे दोन भाग करायचे आणि एक चढताना दुसरा उतरवायचा. एकूण आवाज फारसा कमी होत नाही, बदलत राहतो तो रंग. क्षणभर गडद, क्षणभर उजळ. ऐकणाऱ्याला हा ट्रेमोलो आहे की फेझर (आवाज घुसळल्यासारखा फिरवणारा इफेक्ट) हे चटकन कळत नाही. आवाजाचे खड्डे पडत नसल्याने सरासरी घसरण्याचा प्रश्नही जवळजवळ उरत नाही. लेस्ली या फिरत्या स्पीकरची आठवण करून देणारं काहीतरी हवं आहे पण फेझरचा सुळसुळाट नको, अशा जागी हा चपखल बसतो.

बँडमध्ये मात्र चित्र उलटं झालं. ६३ आणि संथ फोटोसेल हे दोन्ही पहिल्याच तालमीत झांजांखाली बुडाले. बेसिस्टने विचारलं, ‘लावलंयस का काही?’ लावलं होतं, खोली पाऊणच्या वर होती. झांज आणि दुसरी गिटार मिळून ते मऊ खड्डे भरून काढतात, म्हणून आवाज सपाट वाटतो. त्याच गाण्यात टीआर-२ वेव्ह उजवीकडे नेऊन लावलं आणि सगळ्यांना ते ऐकू आलं. व्हूडू लॅब मध्ये कुठेतरी पडलं, स्लोप वाढवला तर चालतं. हार्मोनिक अनपेक्षितपणे टिकला, कारण वरच्या पट्टीतला बदल झांजांमधूनही थोडाफार डोकावतो.

पण धारदार लाटेची किंमत मोजावी लागते. टीआर-२वर टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन वेग ठरवण्याची सोय, नाही. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत असेल आणि तुम्हाला आठव्या भागाचे (दर ठोक्याला दोन) ठोके हवे असतील तर सेकंदाला चार फेऱ्या हव्यात. रेटच्या नॉबवर हे कानानेच सापडवावं लागतं आणि मग ड्रमर किंचित पुढे गेला की चौकोनी लाट उघडी पडते. मऊ लाटेत लय थोडी सरकली तरी कुणाला कळत नाही, चौकोनीत प्रत्येक चूक ऐकू येते. त्यामुळे आमच्याकडे ज्या दोन गाण्यांत तुकडे हवेत तिथे ट्रेमोलो मी सुरू करतो आणि ड्रमर माझ्या मागे येतो. तो कुरकुरला, पण दुसरा इलाज नाही. टॅप हवाच असेल तर फ्लिंटला बाहेरून टॅपचा स्विच लावता येतो.

क्रम कसा ठेवायचा यावर बोर्डवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ओव्हरड्राइव्हच्या (आवाजाला खरखरीत धार देणाऱ्या पेडलच्या) आधी ट्रेमोलो ठेवला तर आवाज कमी-जास्त होण्याऐवजी धार कमी-जास्त होते: खड्ड्यात स्वच्छ, शिखरावर खरखरीत. ड्राइव्ह सिग्नल दाबून सपाट करत असल्याने खोली कमी वाटते, नॉब पुढे न्यावा लागतो. व्हूडू लॅब मी याच जागी ठेवलंय. टीआर-२ मात्र ड्राइव्हनंतरच, नाहीतर त्याचे स्वच्छ तुकडे वाया जातात. रिव्हर्बच्या आधी ट्रेमोलो असेल तर रिव्हर्बची रेंगाळणारी शेपटी खड्डे भरते आणि सगळं धुक्यात जातं. नंतर असेल तर शेपटीसकट कापलं जातं. फेंडरच्या त्या १९६० च्या दशकातल्या (ब्लॅकफेस) रिव्हर्ब अ‍ॅम्पमध्ये ट्रेमोलो रिव्हर्बनंतर यायचा, म्हणून जुन्या रेकॉर्डिंगचा तो आवाज हवा असेल तर ट्रेमोलो शेवटी ठेवून पाहा.

फ्लिंट घेणार असाल तर वीजपुरवठा आधी तपासा. त्याला किमान २५० मिलिअँपिअर लागतात आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच पॉवर सप्लायचे बरेचसे आउटलेट १०० चेच असतात. टीआर-२ अगदी थोडक्यात भागवतं, ९ व्होल्टची बॅटरीही चालते. किंमतही बघा: एका फ्लिंटच्या पैशात टीआर-२ तीनेक येतात. त्यातला अर्धा पैसा रिव्हर्बचा आहे, तो तुमच्याकडे आधीच असेल तर हिशेब बदलतो.

सध्या बोर्डवर टीआर-२ कायम आहे आणि मागे तो बूस्ट. व्हूडू लॅब घरी आणि रेकॉर्डिंगला. फ्लिंटचा मालक मधूनमधून ‘कधी देतोयस’ म्हणून विचारतो, मी विषय बदलतो. हार्मोनिक ट्रेमोलो असलेलं दुसरं काही, जमलं तर टॅपसकट, शोधतोय. वॉलरस ऑडिओचं मॉन्युमेंट यादीत आहे, त्यात साधा आणि हार्मोनिक दोन्ही आहेत. पुण्यात कुणाकडे असेल तर एका तालमीपुरतं द्या, बदल्यात व्हूडू लॅब घेऊन जा. फक्त ड्रमरसकट ऐकून मगच ठरवेन.