घरात पक्षी असताना झुरळांचे जेल पेस्ट कंट्रोल: रत्नागिरीतला अनुभव

रत्नागिरीत झाडगावच्या बाजूला आमचे जुने चिऱ्याचे कौलारू घर आहे. माजघराच्या खिडकीशी दोन पिंजरे टांगलेले असतात. एकात चार बजी आहेत, ज्यांना इथे सगळेच लव्हबर्ड म्हणतात, आणि दुसऱ्यात एक कॉकाटील आहे, जो संध्याकाळी दारे-खिडक्या लावल्यावर घरभर उडतो. माजघराला लागूनच स्वयंपाकघर आणि पुढे मोरी असल्यामुळे पावसाळा सरताना झुरळांचा जो सुळसुळाट सुरू होतो, तो थेट पक्ष्यांच्या दाण्यापर्यंत पोहोचतो. गेल्या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर आणि फराळाची भांडी काढण्याआधी, गावातल्या एका लहान पेस्ट कंट्रोल सेवेकडून मी घराला जेल, म्हणजे झुरळांनी खाऊन मरावे असे फटींत लावायचे विषारी आमिष, लावून घेतले. त्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय आहे. ज्यांच्या घरी पक्षी नाहीत त्यांना यातला बराचसा तपशील अनावश्यक वाटेल.

आधीचा एक अनुभव सांगितल्याशिवाय माझी चिकित्सा अतिरेकी वाटण्याची शक्यता आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणाहून माणूस बोलावला होता. त्याने औषध बिनवासाचे आहे, हर्बल आहे, पिंजऱ्यावर चादर टाकली की पुरे, असे सांगून स्वयंपाकघरापासून माजघरापर्यंत पंपाने फवारणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बजी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला होता आणि दुसरा पिसे फुलवून बसलेला, प्रत्येक श्वासाला त्याची शेपूट वरखाली होत होती. पक्ष्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठायचा म्हणजे आम्हाला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते. तो दुसरा पक्षी वाचला, पण डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे, म्हणजे कोणते औषध मारले, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. बिलावर नुसते ‘पेस्ट कंट्रोल’ असे लिहिलेले होते.

वास नसणे आणि बाधा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वास बहुधा औषध ज्या द्रावकात कालवलेले असते त्याचा येतो, आणि पाण्यात मिसळायच्या औषधाला तो जवळजवळ नसतो, म्हणून त्यातले कीटकनाशक सौम्य ठरत नाही. चादरीने फवाऱ्याचे मोठे थेंब अडतील, पण तरंगणारे सूक्ष्म तुषार आणि वाफ अडत नाही. पक्ष्याचे श्वसन आपल्यासारखे नाही. त्याची फुप्फुसे जवळजवळ न हलणारी असतात आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारखे काम करतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसांतून ताजी हवाच एका दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू मिळवण्याची ही उत्तम सोय हवेतले विषही तितक्याच तत्परतेने रक्तात पोहोचवते. इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, आणि ती पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. बजीचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम भरते, ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर नव्या सेवेचा मुलगा आला तेव्हा त्याचे पहिले वाक्य ऐकूनच मला थोडा धीर आला. “काकी, पक्षी कुठे असतात ते आधी दाखवा, स्वयंपाकघर मग बघू.” पिंजरे, खिडकी, पंख्याची दिशा आणि कॉकाटील संध्याकाळी कुठे कुठे बसतो, हे सगळे विचारून झाल्यावर त्याने घरात फवारणी करणार नाही, फक्त जेल लावेन, असे सांगितले. परवाना मागितला तर त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असे काम करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, तेव्हा तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

औषधाचे नाव मात्र याही खेपेला मला मागूनच घ्यावे लागले. मग त्याने पिशवीतून दोन प्रकारच्या सिरिंज काढल्या आणि लेबलावरचा रंगीत त्रिकोण दाखवून सांगितले की यात घाबरण्यासारखे काही नाही. तो त्रिकोण उपयोगी आहे, पण अपुरा आहे. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हा उतरता क्रम उंदरांसारख्या प्रयोगप्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतो आणि तो मुख्यतः माणसाच्या काळजीसाठी असतो. पक्ष्यांचे गणित पुष्कळदा निराळे निघते.

मी जवळजवळ तीस वर्षे औषधांच्या दुकानात बसले असल्यामुळे टक्केवारी दिसली की हिशेब मांडायची सवय सुटत नाही. त्या दोन सिरिंजांपैकी एकीत फिप्रोनिल ०.०५ टक्के होते आणि दुसरीत इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. म्हणजे १ ग्रॅम जेलमध्ये पहिल्याचे अर्धा मिलिग्रॅम औषध आणि दुसऱ्याचे साडेएकवीस मिलिग्रॅम. चिमण्यांवरच्या चाचणीत निम्मे पक्षी दगावण्याची इमिडाक्लोप्रिडची मात्रा किलोमागे ४१ मिलिग्रॅम नोंदलेली आहे. तोच दर ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला लावला तर १.४ मिलिग्रॅम होतात आणि तेवढे औषध तुरीच्या दाण्याहून लहान ठिपक्यात मावते. फिप्रोनिलची बॉबव्हाइट या लावा जातीच्या पक्ष्यावरची तशीच मात्रा किलोमागे ११.३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे औषध म्हणून ते अधिक जहाल, पण जेलमध्ये ते इतके कमी असते की तेवढी बाधा व्हायला पाऊण ग्रॅमहून जास्त जेल पोटात जावे लागेल. दोन्हींमध्ये साधारण १२ पटींचा फरक पडतो. हे आकडे चिमणीचे आणि लाव्याचे आहेत, बजीचे नव्हेत, त्यामुळे त्यांवरून निवड करता येते, ढिलाई करता येत नाही. मी फिप्रोनिल निवडले. मुलाने हा सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि सिरिंज बदलली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे, कारण गिऱ्हाईक औषध निवडू लागले की पुष्कळ कारागिरांचा चेहरा पडतो.

काम त्याने नीट केले. ओट्याखालच्या चिऱ्यांच्या फटी, सिंकच्या पाइपाभोवतीची जागा, फ्रिजच्या मोटारीमागचा भाग आणि कपाटांच्या बिजागऱ्या, असे मुगाच्या दाण्याएवढे ठिपके त्याने देत नेले. बिजागऱ्यांपाशी मी त्याला थांबवले. जेलचा ठिपका तपकिरी, चकाकता आणि गोडसर असतो, पाकातल्या गुळाच्या थेंबासारखा, आणि आमचा कॉकाटील संध्याकाळी नेमका त्याच कपाटाच्या उघड्या दारावर बसून लाकूड कुरतडतो. त्याने तिथला प्रत्येक ठिपका कापडाने पुसून काढला आणि आतल्या बाजूला, दार लावल्यावर चोच पोहोचणार नाही अशा खाचेत पुन्हा लावला. मी मध्ये बोलले नसते तर तो ठिपका तिथेच राहिला असता. घरात पक्षी मोकळा सुटत असेल तर जेल लावताना मालकाने स्वतः बरोबर फिरणे भाग आहे.

जेलवर फिनेलचा बोळा फिरवू नका आणि त्याच्या आसपास डब्यातला फवारा मारू नका, ही त्याची सूचना रास्त होती, कारण फवाऱ्यातल्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधाने झुरळे त्या जागेपासून लांब पळतात आणि मग जेलला तोंड लावत नाहीत. पण मला त्याचे दुसरे वाक्य अधिक मोलाचे वाटले. “रात्री पिंजऱ्याखाली राळे सांडलेले असले तर जेल कोण खाणार?” आमच्या झुरळांचे रात्रीचे जेवण खरोखर पक्ष्यांच्या टरफलांवर आणि सांडलेल्या दाण्यांवरच चालले होते. त्या दिवसापासून दिवेलागणीला पिंजऱ्याच्या ट्रेमधला कागद बदलणे, दाण्याच्या वाट्या काढून डब्यात ठेवणे आणि खालची जागा झाडून घेणे हा नेम झाला आहे. राळे आणल्यावर आधी चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरते, त्यामुळे दाण्यातून निघणारे ते करडे पतंगही थांबले. मुंग्यांसाठी पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत. फडताळाचे पाय पाण्यात ठेवण्याची ही आजीच्या काळची युक्ती आहे, आणि ते पाणी आठवड्यातून दोनदा बदलते, नाहीतर मुंग्या जाऊन डास यायचे.

मोरीच्या बाहेरच्या चेंबरमधली मोठी तांबडी झुरळे जेलला फारशी दाद देत नाहीत, असे सांगून तिथे त्याने डेल्टामेथ्रिन फवारले. ते मी मान्य केले, पण अटीवर: पक्षी आदल्या संध्याकाळीच चार घरे पलीकडे जावेकडे गेले आणि फवारणी सकाळी सातच्या आत झाली. चेंबर घराच्या पश्चिमेला आहे. दिवाळीच्या सुमाराला सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे फवारा घराबाहेर जातो, आणि दुपारी खारा वारा सुटला की तोच माजघरात आला असता. वाऱ्याची ही बाब त्या मुलाच्या लक्षात आली नव्हती, पण सांगितल्यावर त्याने दुपारची वेळ बदलून सकाळची दिली. पिंजरे दुसऱ्या दिवशी परत आणले.

आता या सेवेतली खरी उणीव सांगते. परसात सासूबाईंच्या सहा गावठी कोंबड्या आहेत. मुलाने पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची एवढी चौकशी केली, पण कोंबड्यांबद्दल त्याने विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. जेलचे वैशिष्ट्य असे की झुरळ लगेच मरत नाही. ते बिळात जाऊन मरते, त्याची विष्ठा आणि कलेवर खाऊन इतरही मरतात, आणि काही दिवस अर्धमेली झुरळे भर दुपारी लडखडत बाहेर येतात. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ओट्याखालचा केर सुपलीत भरून नेहमीप्रमाणे परसात टाकला आणि मी मागच्या दाराशी येईपर्यंत तांबडी कोंबडी एक झुरळ गिळून दुसरे उलटे करत होती. फिप्रोनिल पाणबदकांना फारसे बाधत नाही, पण लावा, तितर आणि त्यांच्या कुळातल्या पक्ष्यांना ते चांगलेच बाधते, आणि कोंबडी त्याच कुळातली. म्हणजे बजींसाठी हिशेब करून निवडलेले औषध परसातल्या पक्ष्यांच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला पडले होते. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांवरच्या लाल किडींसाठी हेच औषध बेकायदा वापरले गेले आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली, हे मला तेव्हा आठवले.

एका झुरळाच्या पोटातली मात्रा अगदी थोडी असते आणि कोंबडीला काही झाले नाही, तरी पुढचे पंधरा दिवस कोंबड्या खुराड्यात ठेवल्या, त्या काळातली अंडी खाल्ली नाहीत आणि मेलेली झुरळे झाकणाच्या बरणीत गोळा करून पिशवी बांधून घंटागाडीत दिली. सासूबाईंचा या सगळ्यावर विश्वास बसला नाही, अंडी टाकताना तर त्या दिवसभर बोलल्या नाहीत. सेवेला फोन केल्यावर मुलाने चूक कबूल केली. पण कोकणात निम्म्या घरांच्या मागे कोंबड्या असतात. हा प्रश्न त्यांच्या ठरलेल्या चौकशीत आधीपासून असायला हवा होता.

परिणाम उत्तम आहे. सिंकखाली ठेवलेल्या चिकट सापळ्यात जेलच्या आदल्या रात्री २३ झुरळे होती आणि पंधरा दिवसांनी दुसरी फेरी झाल्यावर आठवडाभरात एकच सापडले. दुसरी फेरी टाळू नये, कारण स्वयंपाकघरातल्या लहान झुरळाच्या एका अंडकोशातून तीस-चाळीस पिले निघतात आणि ती पहिल्या फेरीनंतरही बाहेर येत राहतात. सापळा मात्र कपाट बंद करून आतच ठेवावा. मोकळा पक्षी त्याला चिकटला तर पिसे सोलून निघतील.

दोन फेऱ्यांचे त्यांनी १,६०० रुपये घेतले. नुसत्या फवारणीचे याहून बरेच कमी पडतात. डासांसाठी त्यांच्याकडे आमच्या उपयोगाचे काही नव्हते. पिंजऱ्यावर मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी एवढ्यावर आमचे भागते. कॉइल आणि डांबरगोळ्या माजघरात आणत नाही. वाशांना वाळवी लागली आहे का, हेही त्याने टॉर्चने पाहिले आणि त्याचे काम काढायचे झाल्यास पक्षी काही दिवस दुसऱ्या घरी हलवल्याशिवाय हात लावणार नाही, असे स्वतःहून सांगितले. गिऱ्हाईक सोडायची ही तयारी मला आवडली.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा राखून ठेवला आहे तो बिलासाठी. दुसऱ्या फेरीच्या बिलावरही औषधाचे नाव नव्हते, मी पेन पुढे केल्यावर त्याने तिथेच ‘फिप्रोनिल ०.०५’ असे हाताने लिहून सही केली. पुढची फेरी मार्चमध्ये ठरली आहे. कोंबड्या आदल्या रात्रीच कोंडून ठेवायच्या आणि सुपली परसात रिकामी करायची नाही, हे सासूबाईंनी या खेपेला स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.