रविवारचा औषधांचा क्लास : पैसे वसूल, पण परीक्षेच्या भरवशावर जाऊ नका

मी नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव लांजा तालुक्यात, हॉस्टेल रत्नागिरीत. मारुती मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर एक निवृत्त सिस्टरबाई आपल्या घराच्या पडवीत दर रविवारी औषध देण्याचा क्लास घेतात. पाटी नाही, जाहिरात नाही. नंबर सिनियर ताईने दिला. सहा रविवारांचे दीड हजार. परवा शेवटचा रविवार झाला.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीच्या हातात एक पपनस ठेवलं. मला वाटलं, खायला. तर त्या जाड सालीवर इंजेक्शन टोचायचं. स्नायूत ९० अंश, कातडीखाली ४५, कातडीत जेमतेम १० ते १५. टेस्टसाठी कातडीत औषध सोडलं की येतो तो फुगा सालीवर येत नाही, हे त्या स्वतःच सांगतात : “तो वॉर्डातच बघ, बाय.”

खरा क्लास दुसऱ्या रविवारी सुरू झाला. टेबलावर साध्या पाण्याच्या बाटल्या, वर हाताने लिहिलेली लेबलं. “२० युनिट इन्सुलिन भर.” समोर ४० युनिटची, म्हणजे मिलीला ४० युनिट असलेली बाटली होती. मी हाताला लागली ती सिरिंज उचलली, २० च्या खुणेपर्यंत भरली, नि ऐटीत दाखवली. बाईंनी विचारलं, “दिलंस किती?” वीस. “आठ दिलंस.” सिरिंजचं टोपण केशरी होतं, म्हणजे १०० युनिटवाली. तिच्यात २० ची खूण म्हणजे ०.२ मिली, आणि ४० च्या बाटलीतल्या ०.२ मिलीत आठच युनिट असतात. उलटं केलं असतं, म्हणजे १०० ची बाटली नि लाल टोपणाची ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५० गेले असते. साखर कुठच्या कुठे उतरली असती. हे पुस्तकात मी तीनदा वाचलं होतं. माझे कान तापले ते अजून आठवतंय.

तेव्हापासून लेबल मोठ्याने वाचायची सवय लागली. कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये ओढताना, बाटली परत ठेवताना. तीनदा. पोटॅशियम क्लोराइड आणि पाण्याची अँप्यूल शेजारी ठेवून बाई विचारतात, ओळख. पोटॅशियम थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं, ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं, हे सांगताना त्या एकदाही हसल्या नाहीत.

पेशंटला नाव विचारायची त्यांची रीत मला फार पटली. “तुम्ही पवार ना?” असं विचारू नका, कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही “होय” म्हणतात. “तुमचं पूर्ण नाव सांगा” म्हणा, आणि मग कागदाशी ताडा. आमच्याकडे एका वॉर्डात तीन पवार असणं काही नवीन नाही.

चौथ्या रविवारी सलाईनची बाटली पडवीच्या वाशाला टांगली नि घड्याळ लावून थेंब मोजायला बसवलं. ५०० मिली, आठ तास, मिलीला २० थेंबांचा सेट : मिनिटाला साधारण २१. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात ते आधी बघा, कारण मायक्रो सेटला मिलीला ६० असतात.

औषधं नुसती पाठ करून घेत नाहीत, ती का देतात तेही समजावतात. इंगळीच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं उसळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो; प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करून तो ताण उतरवतं. हे औषध विंचूदंशावर वापरात आणणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. पण पहिल्या डोसानंतर दाब अचानक पडू शकतो, म्हणून पेशंटला झोपवूनच ठेवायचं, उठू द्यायचं नाही. भातकापणीत आमच्या वाडीत दरवर्षी कोणाला तरी इंगळी डसते, त्यामुळे हा तास मी घरी आईलाही सांगितला.

आता तक्रारी. पडवीत पंखा एकच, आम्ही दहाजणी. मेमध्ये वह्यांवर घाम ठिबकतो. औषधांच्या गटांचा भाग बाई जुन्या वहीतून लिहून देतात, अँटिबायोटिक्सचं पान तर नुसती यादी. परीक्षेच्या प्रश्नांसाठी आलात तर नाराज व्हाल. शिवाय एक रविवार चुकला तर तो गेलाच, भरून देत नाहीत. माझा एसटीच्या उशिरापायी एक अर्धा बुडाला, त्याचं अजून वाईट वाटतं.

पहिल्या वर्षाच्या मुलींनी घाई करू नये, वॉर्ड पोस्टिंग सुरू झालं की मग या. दोन्ही रंगांच्या इन्सुलिन सिरिंजा घरूनच आणा, मेडिकलमध्ये नुसती “इन्सुलिनची” मागितली तर कुठलीही देतात. पपनस बाईंच्या परसातलं, त्याचे पैसे नाहीत.