परदेशी माणसाला गाडीचा मालक समजून वागवणारं गॅरेज (होटगी रोड, सोलापूर)

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नवे माग बसवायला बेल्जियमचे एक तंत्रज्ञ पत्नीसह आलेत, लांब मुदतीच्या व्हिसावर. कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर त्यांना नको होता. तुळजापूर, पंढरपूर, विजापूरचा गोलघुमट, सगळं स्वतः गाडी चालवत बघायचं होतं. त्यांच्या कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे, त्यामुळे गाडीचंही माझ्याकडे आलं.

आधी एका डीलरकडे गेलो. तिथला माणूस त्यांच्याकडे न बघता सगळं माझ्याशीच बोलत होता. वर म्हणाला, फॉरेनरच्या नावावर गाडी होतच नाही. हे साफ चुकीचं आहे. पासपोर्ट, चालू व्हिसा, पोलिसांकडची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी (व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर ती आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते) आणि इथल्या पत्त्याचा भाडेकरार असला की नावावर होते. आमची एमएच १३ त्यांच्याच नावावर आहे.

या गॅरेजचे मिस्त्री, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी पहिला प्रश्न साहेबांना विचारला, मला नाही. "किती दिवस राहणार, रोज किती चालवणार?" मी मध्ये बोलायला लागले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त सांगायचं काम करा. गाडी त्यांची, कळायला त्यांनाच पाहिजे." त्यानंतर सगळं याच पद्धतीने झालं, आणि माझ्या मते या गॅरेजची खरी किंमत तिथेच आहे.

एक जुनी पेट्रोल गाडी पसंत पडली होती. टायर वरून झकास. अण्णांनी कडेवरचे चार आकडे वाचायला शिकवलं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ निघालं, म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. चारही टायर बदलायचे ठरले आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी झाली. आरसीवर बँकेचा बोजा होता. तो बँकेच्या एनओसीने आणि फॉर्म ३५ ने उतरल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं. मग मालकी बदलायचे फॉर्म २९, ३०, आणि १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स नावावर करण्याचा अर्ज. फास्टॅगही नवा, आधीच्या मालकाचा वापरू दिला नाही.

चालवण्याचं म्हणाल तर युरोपात इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला, आपल्या मारुतीत उजव्या. वळताना वायपर सुरू व्हायचा. अण्णांचा धाकटा भाऊ सकाळी रहदारी नसताना शेजारी बसून सराव करून घ्यायचा, त्याचे पैसे घेतले नाहीत. इंटरनॅशनल परमिट जास्तीत जास्त वर्षभर चालतं; पुढे इथलं लायसन्स लागतं, आणि लर्निंगनंतर ३० दिवस थांबल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. म्हणून वर्ष संपायच्या बरंच आधी आठवण करून दिली.

सोलापूरचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि आमच्या बोअरचं पाणी जड. रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकायचं नाही, इंजिन गरम असताना टोपण उघडायचं नाही, हे त्यांनी बोनेटखाली रंगीत टेप लावून दाखवलं. एमआयडीसीत उडणाऱ्या रुईने केबिन फिल्टर आणि एसीचा कंडेन्सर भरतो. तो एरवीपेक्षा लवकर साफ करायला सांगतात. प्रत्येक वेळी काढलेले पार्ट पिशवीत घालून परत देतात, बिलात सामान वेगळं आणि मजुरी वेगळी. साहेब आता ऑइलची काडी स्वतः बघतात.

उणिवा आहेत. बसायला धड जागा नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गॅरेज बंदच असतं, आणि फोन अण्णांनीच उचलायचा असल्याने दुपारी लागत नाही.

परत जायच्या वेळेचंही त्यांनी आत्ताच समजावलंय. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी कुणाच्या हवाली करून विमानात बसायचं नाही, नवीन आरसी डोळ्यांनी बघायची. नाहीतर पुढची चलनं आणि अपघातही यांच्याच नावावर. चिंचोळी, अक्कलकोट रोडच्या ज्या कारखान्यांत परदेशी लोक येतात, त्यांनी गाडी बघायच्या आधी इथे जावं. सकाळी लवकर जा, आणि ज्याची गाडी आहे त्याला बरोबर न्या.