ऍडमिट न होता दारू सोडायची तर एए बरं की ओपीडी?

मुक्तांगणला (पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र, 1986 पासून आहे) जाऊन राहणं सगळ्यांना जमत नाही, ईएमआय चालू, कंपनी रजा देत नाही, मग पुण्यात जॉब सांभाळून काय करायचं तर मेन दोन रस्ते, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना मदत करणारा ग्रुप) ची मीटिंग नाहीतर सायकियाट्रिस्टची ओपीडी.

एएला फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, फक्त पिणं थांबवायची इच्छा पाहिजे. 1935 ला अमेरिकेत सुरू झालेलं, पण इथे मीटिंग मराठीत पण असतात. खरी ताकद स्पॉन्सरची, म्हणजे आधी सोडलेला जुना मेंबर, रात्री अकराला तलफ आली तर तोच फोन उचलणार, डॉक्टर थोडीच उचलतोय! देवाचं बोलणं बरंच असतं, काहींना झेपत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप.

ओपीडीत गोळ्या मिळतात. नालट्रेक्झोनने तलफ कमी होते. डायसल्फिरामवर प्यायलं तर उलट्या, धडधड, म्हणून ती चहातून गुपचूप द्यायचे उद्योग प्लीज करू नका, जीवावर बेतू शकतं. ससूनला (सरकारी हॉस्पिटल) खर्च कमी, पण अर्धा दिवस रांगेत गेला समजा.

सकाळपासून रोज पिणारा असेल तर एकदम बंद करून थेट मीटिंगला नेऊ नका, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, आधी डॉक्टरच. फक्त वीकेंडला सुटणाऱ्याला मी एए सांगेन. दोन्ही एकत्र पण चालतं. गर्द-बिर्दवाल्यांसाठी एनए (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस) आहे, आणि काहीच सुचेना तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन.