'हाताने रंगवलेली' सूर्यफुलं: 34,250 रुपयांना छापील कापड

14,000 आगाऊ. 3,800 'साध्या कॅनव्हासऐवजी लिनन' म्हणून. उरलेले 14,000 चित्र पाठवण्याआधी. आणि 2,450 वाहतुकीचा विमा, जो चित्र पोचल्यावर परत मिळणार होता. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या हाताने रंगवलेल्या प्रतीसाठी एकूण 34,250 रुपये भरले आणि घरी आलं ते प्रिंटरमधून काढलेलं कापड. हे लिहितानाही लाज वाटते, सासरी तर अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण अशा प्रती विकणारी सोशल मीडियावरची पेजं धडाक्यात चालू आहेत, म्हणून लिहितेय.

आधीच सांगते, मी स्वस्ताच्या मोहाला भुलले नव्हते. लेक लंडनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं पाहिली. चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला 1888 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आर्लला काढलेली ती चित्रं, त्यातलं हे एक. कॅलेंडरवर, वहीच्या पुठ्ठ्यावर कितीदा तरी पाहिलेलं. पण समोर उभं राहिल्यावर दिसतं की फुलाच्या मध्यावर, बियांच्या जागी, रंग अक्षरशः उभा आहे आणि पाकळी जिथे वळते तिथे ब्रशचा फटकाराही वळलाय. मला तो उभार हवा होता. 'पाचशे रुपयांचं पोस्टर लावायचं होतंस' असं आता जे म्हणतात, त्यांना हे सांगून उपयोग नाही.

आणि प्रत विकत घेण्यात काही गैरही नाही. व्हॅन गॉग 1890 मध्ये गेला, त्याच्या चित्रांचे हक्क केव्हाच संपले. चीनमध्ये शेन्झेन शहरातल्या दाफेनमध्ये कितीतरी चित्रकारांचं पोट अशा प्रती रंगवण्यावर चालत आलंय. आपल्याकडेही कला महाविद्यालयातून शिकलेली मुलं प्रती करून देतात. तो कष्टाचा, सरळ धंदा आहे. मी ज्याला पैसे दिले त्याच्याकडे रंगवणारा माणूसच नव्हता.

सगळं लिहून घेतलं होतं मी. मूळ चित्राएवढा आकार, 92 बाय 73 सेंटिमीटर. तैलरंग. जाड थर. पूर्ण हातकाम. 'मॅम, आमचे सिनियर आर्टिस्ट स्वतः करतील' हे त्याचं उत्तर अजून फोनमध्ये आहे.

मग त्याने 'काम चालू आहे' म्हणून फोटो पाठवला. तिथेच सगळं उघड होतं. लंडनच्या चित्रात फुलं पिवळी, फुलदाणी पिवळी, मागची भिंतही पिवळी. पिवळ्यावर पिवळा, हेच तर त्या चित्राचं सगळं बळ. फोटोत भिंत होती निळसर हिरवी. ते म्युनिकच्या संग्रहालयातलं चित्र, व्हॅन गॉगचंच, त्याच महिन्यातलं, पण वेगळं. फुलांची मांडणीसुद्धा वेगळी. मी गप्प बसले नाही, लगेच विचारलं. उत्तर आलं, 'मॅम, हा बेस कोट आहे, यावर यलो चढणार.' तैलरंगात खाली वेगळ्या रंगाचा थर देतात हे शाळेत इंटरमिजिएटच्या वेळी सरांनी शिकवलं होतं, त्यामुळे मला ते पटलं. चित्रकलेतलं ओ की ठो न कळणारा माणूस कदाचित तिथेच भांडला असता. पण बेस कोट फुलांच्या आधी देतात ना! पाकळ्या पुऱ्या झाल्यावर त्यांच्या फटीफटींतून भिंतीचा रंग कोण बदलत बसेल? शिवाय फोटोत ब्रश धरलेला हात होता, आणि त्या हाताच्या एका नखालाही रंग नव्हता. तो फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचा ढापलेला होता. आणि तोच पाहून त्याच संध्याकाळी मी दुसरे 14,000 पाठवले. अजूनही रात्री ते आठवलं की झोप उडते.

पार्सल उघडलं तर तेलाचा वास नाही. जाड तैलरंग आतपर्यंत वाळायला महिने लागतात. आठवड्याभरात 'वाळवून' पाठवतो म्हणणारा खोटं बोलतोय, हे पक्कं लक्षात ठेवा. बोट फिरवलं तर उभार लागत होता, पण तो रंगाचा नव्हता. छापलेल्या कापडावर पारदर्शक जेल ब्रशने फासलं होतं. त्याचे ओरखडे पाकळी, देठ, फुलदाणी, काही न बघता सरळ आडवे गेलेले. फुलदाणीवरच्या 'व्हिन्सेंट' या सहीवरूनही एक गेलाय. बिया मात्र गुळगुळीत. भिंग लावलं तर सगळीकडे शाईचे बारीक ठिपके. जाहिरातीत 'हँड एम्बेलिश्ड', 'जिक्ले' किंवा नुसतं 'कॅनव्हास आर्ट' असं दिसलं तर ते प्रिंट आहे असंच समजा. जाड काम मागवलं असेल तर पैसे देण्याआधी बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला व्हिडिओ मागा, त्यात खरा उभार लपत नाही. आणि रंगवणाऱ्याशी, रंगवत असताना, व्हिडिओ कॉल. 'आर्टिस्ट लाजतात' असं मला सांगितलं होतं.

पैसे परत मागितले तर 'कस्टम ऑर्डर, नॉन-रिफंडेबल'. मग ब्लॉक.

पोलीस चौकीत जे झालं त्याने जास्त संताप आला. 'ताई, ओरिजिनल होतं का?' नाही, प्रत होती. 'म्हणजे डुप्लिकेटच मागवलं होतं ना? डुप्लिकेटच आलं की मग.' अहो, हाताने रंगवलेली प्रत आणि छापील कापड यांत फरक आहे! सोन्याचा मुलामा सांगून पितळेवर पिवळा रंग दिला तर तुम्ही गुन्हा घेणार नाही का? पार्सलवरची चिठ्ठी पुढे ठेवली, तिच्यावर त्यानेच लिहिलेलं, 'पोस्टर, किंमत 900'. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि परत दिली. 'माल मिळालाय, म्हणजे सिव्हिल मॅटर.' तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले ओटीपी चोरला नाही, लिंक नाही, चौकीतच जा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. खातं एका व्यक्तीच्या नावावरचं साधं बचत खातं आहे, स्टुडिओचं नाही, हे दाखवलं तर 'आम्ही काही करू शकत नाही'. अर्जाची पोच द्यायलासुद्धा का-कू. 34,250 रुपये यांना क्षुल्लक वाटतात. मला ते जमवायला किती भिशा लागल्या ते मला ठाऊक.

तर पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणाचं नाव येतं ते बघा. जीएसटीचं बिल आधी, पैसे नंतर. जमलं तर क्रेडिट कार्डाने भरा, निदान वाद तरी घालता येतो. फसलात तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. आणि 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. हे चौकीत कुणीही सांगितलं नाही, भाच्याने सांगितलं. मी तक्रार टाकली आहे.

तोच हात, तोच कोरा ब्रश, तोच फोटो आता दुसऱ्या नावाच्या पेजवर आहे. तिथे मोने या फ्रेंच चित्रकाराच्या कमळांची ऑर्डर घेताहेत, निम्मे पैसे आगाऊ. ज्यांनी आधीच भरलेत त्यांनी पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि खोक्यावरची चिठ्ठी फाडून टाकू नका.