पॉवरटॉईज की ऑटोहॉटकी?

विंडोजवर स्वतःचे शॉर्टकट बनवायचे तर फुकटात मिळणारे दोन चांगले पर्याय आहेत: मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमधला कीबोर्ड मॅनेजर आणि ऑटोहॉटकी. मी रोज वर्डमध्ये मराठी मजकूर तपासतो आणि दोन्ही वापरलेत.

कीबोर्ड मॅनेजर शिकायला दहा मिनिटं पुरतात. जुनी की दाबायची, नवी निवडायची, झालं. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, म्हणून मी कॅप्स लॉकला एस्केप करून टाकलं. शॉर्टकट एकाच प्रोग्रॅमपुरता ठेवता येतो, फक्त तिथे प्रोसेसचं नाव द्यावं लागतं, वर्डसाठी ‘विनवर्ड’. ठरलेला मजकूर उमटवणं, प्रोग्रॅम उघडणं हेही जमतं. अडतं ते एका शॉर्टकटमागे चार कामं लावायची असतात तेव्हा.

माझं अडलं ते अवतरणचिन्हांपाशी. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटमध्ये त्या कीवर ट आणि ठ बसलेत, त्यामुळे दर वेळी भाषा बदला, चिन्ह टाका, परत मराठीत या. ऑटोहॉटकीत मी शब्द निवडतो आणि एक शॉर्टकट दाबतो. शब्द कॉपी होतो, दोन्ही बाजूंना चिन्हं लागतात, तो जागच्या जागी पेस्ट होतो. दिवसाला शंभर वेळा हे करणाऱ्याला त्याची किंमत कळेल.

२००३ पासूनच्या या साधनात सगळं साध्या टेक्स्ट फाइलीत, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, लिहायचं: ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे आल्ट, + शिफ्ट, # विंडोज की. शिकायला दोन-तीन संध्याकाळी जातात. थेट आवृत्ती २ घ्या. ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरीही साठवता येणारं एन्कोडिंग) आहे असं धरून चालते. आवृत्ती १ मध्ये बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) घालायचा राहून गेला तर देवनागरीचा पार कचरा व्हायचा. मात्र जुन्या आवृत्तीच्या स्क्रिप्ट हिच्यात जशाच्या तशा चालत नाहीत, नेटवरून उचलताना तेवढं बघा.

ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही गप्प बसतात. त्यांनाही ॲडमिन म्हणून चालवावं लागतं.

ऑफिसचं मशीन असेल तर पॉवरटॉईजच घ्या. ऑटोहॉटकीच्या एक्झी फाइलींवर अँटीव्हायरस कधीकधी उगाच आक्षेप घेतो. स्वतःचं मशीन असेल तर ऑटोहॉटकी, आणि सुरुवात अवतरणचिन्हांपासूनच करा. सात-आठ ओळींचं काम आहे. क्लिपबोर्डवर आधी जे होतं ते परत ठेवणारी ओळ तेवढी आठवणीने घाला, नाहीतर कापून ठेवलेला परिच्छेद गेलाच म्हणून समजा.