खडखड लिंक रॉडची, बिल अख्ख्या सस्पेन्शनचं

खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते म्हणून गाडी गॅरेजला जाते, जॅकवर चढते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो: दोन्ही शॉकअप गेलेत, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदला, माउंटही (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग) टाकून घ्या. पुरावा काय, तर शॉकअपवरचं तेल. फसायला सुरुवात इथेच होते. सीलपाशी धूळ धरलेला तेलाचा पुसट थर असला तर चालतो. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तरच शॉकअप गळतोय. तो कोरडा पुसून घ्या, चार दिवस गाडी चालवा, मग परत बघा. कुणी मुद्दाम लावलेलं तेल आपोआप परत येत नाही.

दुसरी करामत टॉमीची, म्हणजे लोखंडी पहारीची. लोअर आर्मच्या बुशाशी (सांध्यात बसवलेल्या रबरी तुकड्याशी) टॉमी लावून रेटलं की रबर हलतं. ते हलणारच, त्यासाठीच ते रबराचं आहे. बघायचं ते इतकंच, की रबर आरपार फाटलंय का किंवा धातूपासून सुटलंय का.

कमी वेगात बारीक खाचखळग्यांवर टकटक येत असेल तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या सळईच्या) लिंक रॉडवर, म्हणजे तिच्या टोकाच्या जोडदांडीवर घ्या. दोन्ही बाजूंच्या लिंक काढून त्याच रस्त्यावर अगदी हळू थोडं अंतर जा. आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा स्टॅबिलायझरच्या बुशात आहे, शॉकअपला हात लावायचं कारण नाही. (लिंकशिवाय गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून हे फक्त तपासणीपुरतं.) ब्रेक मारताना एकच 'धप्' आला तर लोअर आर्मचा बुश बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्' करत असेल तर माउंटचं बेअरिंग. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली तर आधी ब्रेकचे पॅड आणि ते दाबणारा कॅलिपर तपासा.

चाक उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट (आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा). 3 आणि 9 ला धरून हलत असेल तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचे बाहेरचा आणि आतला सांधे.

काही ठिकाणी पार्ट फक्त बिलावर बदलतात. जुनाच आर्म धुऊन, काळा रंग मारून परत बसतो. गाडी देण्याआधी पार्टवर न दिसेल अशा जागी रंगाचा ठिपका द्या, फोटो काढा आणि जुना माल परत मागा.

पार्ट खरोखर नवा असला तरी आर्मच्या बुशाचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर असतानाच हवा. लॉकिंग नट (आपोआप ढिले न होणारे नट) नवे घ्या. आर्म किंवा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) उघडला असेल तर व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.